मुठीचं माप

“पोरी, समोरासमोर लढून, शत्रूच्या हातातून हिसकावली ही संगीन!” फौजेतून आफ्रिकेला जाऊन आलेल्या वडिलांचा तो भरदार आवाज लेकीच्या कानात अजून घुमत होता. संगीन त्यांच्या नावानं संग्रहालयात मांडावी, म्हणून म्हाताऱ्या आत्याला सोबत घेऊन ती शस्त्रपारख्याकडे आली होती. त्यानं भिंगातून पातं न्याहाळलं. “पातं बहुधा गोऱ्या सरकारच्या आफ्रिकेतल्या पलटणीचं. पण बंदुकीला अडकवायची कडी कापून टाकलीय. तिथल्या लोहारानं नवी मूठ बसवून त्याची स्वयंपाकाची सुरी केलीय.” “काहीतरीच! बाबा काय सुरीशी लढले?” ती फणकारली. “धरून बघा, ताई. माझा पंजा मावत नाही.” तिनं मूठ धरली. तिच्या हातात ती अगदी बेतून केल्यासारखी बसली. आत्यानं सुरी अलगद काढून घेतली. “मरताना दादा मला एकटीला सांगून गेला. लढाई कुठली गं, पोरी? चुलीपुढे बाई बसली होती, पाठमोरी.”