आरशातली कात्री

कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या शर्टाची बटणं उलट्या बाजूला आली होती.

"अगं, चांगल्या बाप्याला बायकी शर्ट घातलास की," आत्या तिच्या खांद्यावरून वाकून म्हणाली. ओठांत टाचण्या असल्या तरी आत्याचं बोलणं कधी अडत नसे.

तिने कपाळाला हात लावला. शिवणकाम करणाऱ्या डावखुऱ्यांसाठी तिने एक वेबसाइट काढली होती. त्यांना शिकवणारं फारसं काही कुठे नव्हतं. चित्रं विकत घेणं परवडणारं नव्हतं. म्हणून घरच्या शिवणाच्या दुकानात गिऱ्हाईक नसलं की ती फुकट वापरायला मोकळी असलेली चित्रं आणि धडे शोधत बसे. सापडे ते सगळं उजव्या हाताचं. मग तिने युक्ती काढली. चित्र आरशात दिसावं तसं उलटं करायचं. उजवा हात डावा होई आणि काम भागे. टेपेवरचे आकडे उलटे दिसत, ते ती पुसून टाकी. बटणं तेवढी नजरेतून सुटली होती.

स्वतः करून दाखवणं तिला शक्य नव्हतं. जन्माने ती डावखुरी. पण लहानपणी वडिलांनी तिचा डावा हात मापाच्या टेपेने स्टुलाच्या पायाला बांधला होता. उजवा वळेपर्यंत रोज बांधला. आता डाव्या हाताने तिला चमचासुद्धा नीट धरता येत नव्हता.

वडिलांना सगळे मास्तर म्हणत. दुकान तिच्या हाती आलं तरी कापायचं टेबल त्यांनी सोडलं नव्हतं. बापलेकीत कामापुरतं बोलणं होई. अस्तर किती, दीड मीटर, संपलं.

ती बटणांचं चित्र काढून टाकत होती, तेवढ्यात निरोप आला. साइटवर नेमाने येणाऱ्या मोजक्या लोकांपैकी एका मुलीचा.

"ताई, सोमवारी कपड्याच्या कारखान्यात माझी कापायची परीक्षा आहे. तुमची चित्रं बघून सराव करतेय. पण कापड पात्यांत दुमडतं आणि खडूची रेघ दिसतच नाही. तुमच्या चित्रातली कात्री माझ्या कात्रीसारखी नाहीये. तशी कुठे मिळते? सुपरवायझर म्हणाले, हात बदल नाहीतर घरी बस."

तिने तो निरोप दोनदा वाचला. मग आधीची चित्रं एकेक उघडून पाहिली. हाताबरोबर कात्रीही उलटी झाली होती. उजवीकडचं पातं डावीकडे, डावीकडचं उजवीकडे. तसली, डाव्या हाताची कात्री त्या कारखान्यात असणार नव्हती. या दुकानातही नव्हती.

"कळव तिला, आरशात शिरून घेऊन ये म्हणावं," आत्या म्हणाली. कुणी हसलं नाही. तेव्हा तिने ओठांतल्या टाचण्या काढून ठेवल्या. "हात बदलायला लावतील गं पोरीला."

"नाही लावणार," ती म्हणाली.

सकाळभर तिने शोधलं. साधी कात्री डाव्या हाताने कशी चालवायची, एवढंच हवं होतं. कुठे डावी कात्री विकायला होती. कुठे हात बदलण्याचे उपाय होते. शेवटी तिने दुकानातली कात्री डाव्या हातात घेतली आणि एका चिंधीवर चालवली. कापड कापलं गेलं नाही, नुसतं चघळलं गेलं.

"अंगठा बाहेर रेटू नकोस," मास्तर म्हणाले.

ते कधी टेबलावरून उठून आले, तिला कळलं नव्हतं. त्यांनी तिच्या हातातून कात्री घेतली. डाव्या हातात.

"अंगठा आत ओढायचा, तळव्याकडे. बोटं बाहेर ढकलायची. मग पाती एकमेकांना सोडत नाहीत. आणि मान अशी, पात्याच्या वरून बघायचं. रेघ दिसते."

कात्री चालली. गळ्याचा अख्खा गोल एका दमात निघाला. काठावर एकही दोरा सुटला नव्हता.

"दादा," आत्या म्हणाली आणि कापलेला गोल उचलून तिने उजेडात धरला.

"बघत काय बसलीस? फोन धर," मास्तर तिला म्हणाले. "सोमवार लांब नाही."

तिने फोन धरला. मास्तरांनी समोरून कापून दाखवलं, वरून दाखवलं, मग अगदी सावकाश दाखवलं. "आणि तिला लिही, टेबलाच्या डाव्या टोकाला उभी राहा म्हणावं. कुणी विचारलं तर सांग, तिकडे उजेड बरा आहे."

दुपारी त्या परीक्षेवाल्या मुलीचं उत्तर आलं. कापडाच्या तुकड्याचा फोटो होता. काठ स्वच्छ होता.

मास्तर टेबलाशी परतले होते. कात्री पुन्हा उजव्या हातात होती. पुढ्यात कुणाच्या तरी कोटाचं कापड होतं.

"तुम्ही डावखुरे आहात," ती म्हणाली.

मास्तर कापत राहिले.

"मग माझा हात का बांधलात?"

त्यांनी रेघ संपवली. कापलेला भाग बाजूला ठेवला.

"तरुणपणी ज्या दुकानात होतो, तिथे आम्ही सगळे एका टेबलाला ओळीने उभे राहून कापायचो. माझ्याइतकं चांगलं कुणी कापत नव्हतं. पण माझं कोपर शेजाऱ्याला लागायचं. मालकाने मला उचललं आणि इस्त्रीला लावलं. माझं लग्न झालं, तू झालीस, तरी मी आपला इस्त्रीलाच. रिकाम्या वेळी चिंध्यांवर उजवा हात वळवला, तेव्हा कुठे पुन्हा टेबलाशी उभं केलं. केस पिकले होते तोवर."

त्यांनी कोटाची दुसरी बाजू पसरली, खडू उचलला.

"माझा बाप या धंद्यात नव्हता. असता तर त्याने माझाही वेळेवर बांधला असता."