फेरतपासणी बाकी

ही गोष्ट शहाऐंशी सालची. टेलिफोन खात्यात बिघडलेल्या लाइनी तपासण्याच्या टेबलावर एकोणीस वर्षं बसलेली बाई अकरा दिवस मानेखाली लुळी होऊन इस्पितळात पडली होती. शरीर आपल्याच नसांवर उलटलंय, असं डॉक्टर म्हणत.

तंत्रज्ञाने घोट्यावर शेवटचा विजेचा झटका दिला. पडद्यावरची रेघ जेमतेम हलली.

"कासव तरी मान वर काढतं," उशाशी बसलेल्या सासूबाई त्या रेघेकडे बघत पुटपुटल्या.

तरुण डॉक्टरांनी कागद पुढे ओढला. "नसेवरचं नुसतं आवरण गेलं असतं, तर भरून आलं असतं. तुमची आतली तारच गेलेली दिसते. पायांवर उभं राहणं कठीण आहे. खात्याला तसं कळवावं लागेल."

"कळवलंत की मला कायमचं घरी बसवतील."

"आकडे मी बनवत नाही, बाई."

ती छताकडे बघत म्हणाली, "आवरण गेलं काय नि तार गेली काय, तुमच्या यंत्रात दोन्ही सारखंच दिसतं का?"

डॉक्टरांचं पेन थांबलं. "सुरुवातीच्या आठवड्यांत कधी कधी... हो."

"फरक कधी कळेल?"

"महिन्याभराने."

"मग आज काय लिहिताय? एका चाचणीवर लाइन मेली असं आम्ही लिहीत नाही. एखादी नवी पोरगी लिहायला गेली, तर तिच्या हातातली पेन्सिल काढून घेते मी."

"खात्याला उत्तर आजच हवंय."

"द्या की. फेरतपासणी बाकी, असं लिहा."

"तुमच्या समाधानासाठी..."

"माझं समाधान राहू द्या. ठाऊक आहे तेवढंच लिहा."

"लिहा हो साहेब," सासूबाई म्हणाल्या. "सोळा वर्षांत मी हिच्याशी जिंकले नाही. तुम्ही तर आजचे."

डॉक्टरांनी लिहिलेली ओळ खोडली.

महिन्याने हातांची रेघ उसळून वर आली. उजव्या पायाची निम्मी आली, डाव्याची आलीच नाही. दहा महिन्यांनी ती कामावर रुजू झाली आणि निवृत्त होईपर्यंत टिकली. सासूबाई आणखी दोन वर्षं जगल्या, भांडत भांडत. डॉक्टर पुढे विभागप्रमुख झाले. पहिल्याच चाचणीवर निकाल लिहिणाऱ्यांना ते कागद परत करीत.

तिचं डावं पाऊल कधीच नीट उचललं नाही. चालताना फरशीवर फटाक् आपटे. जिन्यात तो आवाज आला, की टेबलावरच्या पोरी गप्पा टाकून हेडफोन चढवत.