होडीतली जागा

"बाईनं होडीला ओवाळावं, होडीत चढू नये," सासूबाई सांगायच्या. चाळीस वर्षं हिरानं ते पाळलं. नवरा मच्छीमार होडीचा तांडेल. होडी निघाली की हिरा वाळूवर उभी, शीड दिसेनासं झालं तरी उभीच.

आज जेवणानंतर ताटांच्या मधोमध ग्रीसचा नकाशा पसरला होता. लेक प्राची आठ दिवसांसाठी शिडाची बोट ठरवत होती. रोज दोन-तीन तास प्रवास, मग एखाद्या बेटाशी नांगर टाकायचा. पोहायचं, जेवायचं, लोळायचं.

"आणि जाळं?" तांडेलानं विचारलं.

"जाळं नाही, बाबा. नुसतं फिरायचं."

"मासे न धरता दर्यात? लोक हसतील गं."

"तिकडे कोण ओळखतंय तुम्हाला?"

तो हसला, पण त्याचं बोट केव्हाच या बेटावरून त्या बेटावर निघालं होतं. "वारा उत्तरेचा असेल, तर हे आधी करू."

प्राची फॉर्म भरू लागली. "बोटीवर बाबा, मी आणि तुमचे जावई. आई, तू काही होडीत बसत नाहीस. तुझ्यासाठी पहिल्या बेटावर खोली घेते. खिडकीतून समुद्र दिसतो म्हणे."

ताटं उचलता उचलता हिरा थांबली.

"खोली नको," ती म्हणाली. "किनाऱ्यावरून समुद्र बघून झालाय माझा. मला होडीत यायचंय. लग्न करून या घरात आले ना, त्या दिवसापासून यायचंय."