पायातला जोर

तपासण्या करून करून बायको मेटाकुटीला आली होती. गवंडीकाम करणाऱ्या नवऱ्याच्या पायातला जोर का गेला, कुणालाच कळेना. नव्या डॉक्टरीणबाईंसमोर तिचा बांध फुटलाच. "नाटकं आहेत सगळी. खुर्चीतून उठवताना माझा जीव जातो, आणि चार पावलं टाकली की हे बरे चालतात."

डॉक्टरीणबाईंनी त्याला आपलं बोट घट्ट धरायला सांगितलं. सैल पकड हळूहळू आवळत गेली. त्यांनी छातीचा स्कॅन लिहून दिला.

"दुखणं पायात आणि तपासणी छातीची?" बायको वैतागली.

फुप्फुसात कॅन्सरची लहानशी गाठ निघाली. तिच्याशी लढताना शरीर स्वतःच्याच नसांवर उलटलं होतं; सुरुवातीला नसलेला जोर हालचालीने थोडा परत येतो, ही त्याचीच खूण होती.

बायको रडायला लागली. नवऱ्याने मात्र सुटकेचा निःश्वास सोडला. "मला वाटायला लागलं होतं डॉक्टर, मीच आळशी झालोय."