पांढऱ्या बटणाचा कोट

खिसेकापूच्या फोटोपाशी माई जी थांबली ती हलेचना. पोलिसांच्या जुन्या फोटोंचं हे प्रदर्शन बघायला मुळात तिला यायचंच नव्हतं. नवऱ्याने पोलिसांत राहून जन्मभर चोरांचे चेहरे टिपले, आता ते तिकीट काढून कशाला बघायचे, असं तिचं म्हणणं. पण लेक हट्टाला पेटली. बाबांचं नाव कुठे लावलेलं नसलं तरी फोटो त्यांनीच काढलेत ना, म्हणत तिने आईला ओढूनच आणलं होतं.

"माझा चष्मा दे गं," माई म्हणाली.

"डोळ्यांवरच आहे, आई."

खिसेकापूच्या अंगात चौकड्यांचा कोट होता. बटणं काळी, फक्त वरून दुसरं पांढरं. ते उशीच्या अभ्र्याचं होतं, आणि माईनेच ते तिथे लावलं होतं.

हा कोट तिच्या वडिलांनी जावयाला लग्नात शिवून दिलेला. वर्ष उलटायच्या आत तो घरातून नाहीसा झाला. विचारलं की नवरा म्हणायचा, राहिला असेल कुठेतरी. माईला ते कधी पटलं नाही. लेकीच्या लग्नात तो नुसत्या शर्टावर उभा राहिला, तेव्हा तिने चार पाहुण्यांसमोर विचारलं होतं, कोणत्या बाईच्या घरी टांगलाय तो कोट? तो हसला नाही, चिडलाही नाही. मरेपर्यंत त्याने तोंड उघडलं नाही आणि मरेपर्यंत तिने पिच्छा सोडला नाही.

माई पुढे सरकली. सायकलचोराच्या पोटावर तोच कोट मिटत नव्हता. खोटी औषधं विकणाऱ्याच्या खांद्यावरून तो ओघळत होता, बाह्या मात्र कुणीतरी नीट आत दुमडून दिल्या होत्या. पांढरं बटण सगळीकडे. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की त्या काळी साधा चोरही कोटाशिवाय घराबाहेर पडत नसे. तेव्हा चौकड्यांचीच फॅशन असणार, असं बाजूच्या कॉलेजच्या मुलीने मैत्रिणीला सांगूनही टाकलं.

एव्हाना लेकीच्याही लक्षात आलं होतं. ती आईच्या कानाशी वाकली.

"बाबा एकदा जेवताना म्हणाले होते. फोटोत फाटका शर्ट दिसला की साहेब कागदावरचं पुढचं वाचतच नाहीत, गुन्हेगार ठरवून मोकळे होतात."

माईला राग आला होता आणि नेमका कुणाचा ते कळत नव्हतं. त्याने तेव्हाच सांगितलं असतं तर? तर काय झालं असतं ते तिला पक्कं ठाऊक होतं. चोरांच्या अंगाला लागलेला कोट तिने दारात नेऊन पेटवला असता, वर वडिलांच्या नावाने गळा काढला असता. तो बायकोला चांगला ओळखून होता.

शेवटचा फोटो एका बाईचा होता. खाली गुन्हा लिहिला होता: रात्री एकटी रस्त्यावर फिरत होती. वय त्या वेळच्या माईएवढंच असेल. कोट तिने घातलेला नव्हता, तिच्या खांद्यांवरून पांघरलेला होता आणि गळ्यापाशी नीट मिटवलेला. खालून फाटकी बाही तेवढी डोकावत होती. बाई मान ताठ ठेवून कॅमेऱ्यामागच्या माणसाकडे बघत होती.

"सापडली गं ती बाई," माई म्हणाली. हसायला गेली आणि तिचे डोळे भरून आले.

भिंतीवरचं चुकलंय, इथल्या लोकांना सांगून येते, म्हणून लेक निघाली. माईने तिचा हात धरला. इतकी वर्षं या सगळ्यांच्या अंगावर राहिलाय कोट, आता कशाला उतरवायचा, म्हणाली.

मग ती काचेच्या अगदी जवळ गेली. त्या बाईच्या फोटोत पांढरं बटण एका दोऱ्यावर लोंबत होतं. माईने काचेवरून त्याच्यावर बोट ठेवलं.

"मला सांगायचं तरी यांनी," ती म्हणाली. "पक्कं लावून दिलं असतं."