शेवटचा पत्रा

लालबागच्या बंद गिरणीचं छप्पर कालिंदी कॉम्प्युटरवरच्या मॉडेलमध्ये पत्रा-पत्रा जोडत होती. ऑफिसही त्याच गिरणीच्या एका खात्यात, त्याच पत्र्यांखाली. सगळे तुकडे जुळायचे, पण शेवटच्या दोन पत्र्यांत माणूस मावेल एवढी फट राहायची. ती बंद करून जेवायला जावं, तर येईपर्यंत पुन्हा उघडी!

आज छप्पर पुरं झालं नाही, तर काम शेजारच्या टेबलावरच्या हेरंबकडे जाणार होतं. मग संशय आणखी कुणाचा घ्यायचा?

"हेरंब, माझ्या फाइलला हात लावलास ना?"

"आईशप्पथ नाही, ताई! माझीच कामं आवरेनात मला."

शपथ जरा जास्तच चटकन आली.

फट दिसली की तिला बाबा आठवायचे. ते इथेच पत्रे ठोकायचे. "सगळे खाली उतरल्याशिवाय शेवटचो पत्रो ठोकूचो नाय गो," म्हणायचे. संपातल्या एका दुपारी गळती बघायला वर चढले, ते उतरताना कुणाला दिसलेच नाहीत.

हेरंब चहाला गेला, तशी तिने त्याच्या कॉम्प्युटरची तारच काढली. फट जोडली, फाइल सेव्ह केली आणि टक लावून बसली. फट बंदच राहिली.

"सापडलास, लबाडा," ती पुटपुटली.

तेवढ्यात डोक्यावरचा पत्रा वाजला. कुणीतरी तळहाताने थापटत होतं.

हेरंब ग्लास घेऊन दारातच थबकला. "ताई, वर कोण चढलंय? बाहेर शिडी तर नाहीये."

कालिंदीने घाईघाईने जोड सोडवायला घेतला. पुन्हा घेतला.

आता फट उघडेना.