दगडी शाळेसाठी सही

धाकट्या लेकीचं लग्न झालं, त्या वर्षी मी गावच्या निजामकाळच्या दगडी शाळेत प्रौढांच्या वर्गाला जाऊ लागले. चार महिन्यांत घुगे गुरुजींनी मला सही शिकवली. वाचायला अजून येत नव्हतं.

शाळा पाडून गाळे काढू नयेत म्हणून गुरुजी सह्या गोळा करत होते. तेवढ्यात सरपंच कागद घेऊन दारात आला.

“काकू, शाळेसाठी अर्ज आहे. अंगठा द्या.”

“अंगठा घे तुझ्या आजीचा! मी सही करते.”

तो कागद शाळा पाडायच्या संमतीचा होता. भिंती पडल्या, त्या दिवशी गुरुजींनी तो मला वाचून दाखवला. माझ्या नावावर बोट ठेवून म्हणाले, “अक्षर मात्र सुरेख काढलंत, बाई.”

पुढे वाचायला त्यांनी मला माझ्या ओसरीवर शिकवलं. मला वाचता येऊ लागलं, त्या वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी घुगे गुरुजी वारले.